एकच खूण, निराळे अर्थ : प्रस्तावना

पी१६ हे एक लहानसे प्रथिन आहे. पेशी विभाजनाच्या तयारीला लागली की तिला रोखणे हे त्याचे काम. १९९३ साली ते प्रथम ओळखले गेले आणि आज पॅथॉलॉजीच्या तीन अगदी वेगळ्या कामांत त्याचे नाव निघते. गर्भाशयमुखाच्या बायोप्सीत ते ठासून भरलेले दिसले, तर एचपीव्ही विषाणूने पेशींचा ताबा घेतल्याचा संशय बळावतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ते अनेकदा नाहीसेच झालेले असते आणि ते नसणे हीच महत्त्वाची नोंद ठरते. उतारवयातल्या सांध्याच्या कूर्चेत ते वाढते, ते तिसऱ्याच कारणाने : तिथल्या काही पेशींनी विभाजन कायमचे थांबवलेले असते. प्रथिन एकच. त्याचा अर्थ मात्र ते कोणत्या ऊतीत आणि कोणत्या परिस्थितीत दिसले, यावर ठरतो.

या पुस्तकाचा विषय अशा खुणा हा आहे. पेशीच्या पृष्ठभागावर, तिच्या आत किंवा रक्त-लघवीत सापडणारी ही द्रव्ये. त्यांच्यावरून पेशी कोणत्या जातीची आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि पुढे काय संभवते, याचा अंदाज बांधता येतो. प्रयोगशाळेत त्यांना सरसकट मार्कर म्हणतात. इथेही तोच शब्द वापरला आहे. अर्बुदे आणि ऊतींचा ऱ्हास हे दोन विषय एका पुस्तकात मुद्दाम आणले आहेत. एकीकडे, थांबायला हव्यात त्या पेशी वाढत सुटतात. दुसरीकडे, टिकायला हव्यात त्या झिजतात आणि मरतात. पॅथॉलॉजिस्टपुढचे प्रश्न दोन्हीकडे सारखेच असतात. ही पेशी कोणती? तिला झाले काय? आणि या रुग्णाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय? मार्कर पहिल्या दोन प्रश्नांना मोठी मदत करतो. तिसऱ्याचे उत्तर तो एकटा कधीच देत नाही, हे मला आरंभीच सांगायचे आहे.

रोगाचे मूळ पेशीत शोधावे, हा विचार रुडॉल्फ फिरखो यांनी १८५८ साली आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात ठामपणे मांडला. त्यानंतरची शंभर वर्षे पॅथॉलॉजी मुख्यतः पेशीच्या रूपावर चालली. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक निळे, इओसिनने बाकीचे गुलाबी. या दोन रंगांवर आजही बहुतेक निदाने उभी आहेत. पण रासायनिक खूणही जुनीच आहे. १८४७ साली लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स यांनी हाडे ठिसूळ झालेल्या एका रुग्णाच्या लघवीतल्या चमत्कारिक प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. तापवताना ते साकळे, उकळल्यावर विरघळे आणि थंड होताना पुन्हा दिसू लागे. मायलोमा या कर्करोगाची ती खूण होती. ती खूण म्हणजे प्रतिपिंडाचाच एक तुकडा आहे, हे कळायला मात्र १९६२ साल उजाडले.

ऊतीत नेमके प्रथिन दाखवण्याची वाट अल्बर्ट कून्स यांनी उघडली. १९४१ साली त्यांनी प्रतिपिंडाला चकाकणारा रंग जोडला. १९६६ मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी त्या जागी विकर जोडले, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली टिकाऊ रंग दिसू लागला. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत शोधली. १९९१ मध्ये ध्यानात आले की फॉर्मॅलिनने झाकली गेलेली प्रथिने स्लाइड द्रावणात तापवली की पुन्हा उघडी पडतात. या शेवटच्या शोधामुळे कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेले, मेणात बसवलेल्या ऊतींचे ब्लॉक पुन्हा तपासण्याजोगे झाले.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते एकदा जवळून पाहावे. मायक्रोटोमवर ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा सेक्शन निघतो, कोमट पाण्यावर तरंगतो आणि स्लाइडवर उचलला जातो. झायलीनमध्ये मेण उतरते. मग ती स्लाइड सायट्रेटच्या किंवा त्याहून अल्कधर्मी द्रावणात, अनेक ठिकाणी चक्क प्रेशर कुकरमध्ये, तापवली जाते. ऊतीतली स्वतःची पेरॉक्सिडेज विकरे आधी निकामी करावी लागतात, नाहीतर नको तिथे रंग चढतो. त्यानंतर प्रतिपिंड, त्याला पकडणारे विकर आणि शेवटी डीएबी हे रंग देणारे द्रव्य. जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकीची ऊती हिमॅटॉक्सिलिनने फिकट निळी राहते. तपकिरी रंग केंद्रकात आहे, पेशीद्रवात आहे की पटलावर, हे पाहिल्याशिवाय पॉझिटिव्ह हा शब्द लिहायचा नसतो. चुकीच्या जागी आलेला गडद रंग हा पुरावा नव्हे.

गाठ कितीही बेफाम वाढली, तरी तिच्या पेशी आपले माहेर सहसा विसरत नाहीत. अर्बुदांच्या निदानात मार्करचा पहिला उपयोग याच गोष्टीवर उभा आहे. मानेतल्या गाठीच्या बायोप्सीत नुसत्या गोल, ओळख हरवलेल्या पेशी दिसल्या, तर सीडी४५ लिम्फोमाकडे बोट दाखवते, सायटोकेराटिन कार्सिनोमाकडे आणि एस१०० मेलॅनोमाकडे. तीन आजार, तीन निराळे उपचार. परंतु सायटोकेराटिन काही सार्कोमांतही उमटते आणि एस१०० मज्जातंतूंच्या गाठीतही. म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एका मार्करवर भिस्त ठेवत नाही. तो पॅनेल, म्हणजे अनेक मार्करांचा संच, लावतो, आणि त्यात कोणता मार्कर निगेटिव्ह यायला हवा याचाही आधी विचार करून ठेवतो.

मार्करचा अर्थ काळाबरोबरही बदलतो. हर-टू या प्रथिनाची कहाणी याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या स्तनाच्या कर्करोगांत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, ते अधिक आक्रमक असतात. रिपोर्टमधला हर-टू पॉझिटिव्ह हा शेरा तेव्हा वाईट बातमी होता. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅबला मान्यता मिळाली आणि तोच शेरा उपचाराची सोय सांगू लागला. पेशीपटलावरच्या रंगाला शून्य ते तीन गुण देतात. दोन आले की निर्णय राखून जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करतात. शून्य आणि एक यांत फारसा फरक करण्याचे कारण पूर्वी नव्हते, दोन्ही निगेटिव्हच. २०२२ साली या प्रथिनाला धरून पेशीत औषध पोहोचवणारे संयुग हर-टू कमी असलेल्या रुग्णांतही उपयोगी ठरले आणि एक या गुणाला एकाएकी वजन आले. स्लाइडवरचा रंग तोच होता. आपल्या हातातले औषध बदलले होते.

आता पी१६कडे वळू, कारण त्याचा आपल्याकडच्या रुग्णांशी थेट संबंध आहे. एचपीव्हीचे ई७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी या नियंत्रकाला निकामी करते. आरबी गेल्यावर पी१६वरचा दाब उठतो, ते भरमसाट तयार होते. पण ते ज्याच्यामार्फत काम करते तो आरबीच उरलेला नसल्यामुळे विभाजन थांबत नाही. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या भागातल्या कर्करोगात निदान ७० टक्के पेशींच्या केंद्रकात व पेशीद्रवात पी१६ ठळक दिसले, तर ते एचपीव्हीचे विश्वासार्ह चिन्ह मानतात आणि त्या रुग्णांचे भवितव्य तुलनेने बरे असते. महाराष्ट्रात मात्र तंबाखू, मिश्री आणि सुपारीमुळे होणारा गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरड्यांचा कर्करोग जास्त दिसतो. तिथे पी१६वरून एचपीव्हीचा निष्कर्ष काढता येत नाही. दोन जागांत अंतर काही सेंटिमीटरचे, आणि एका जागेचा नियम दुसरीला लागू नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, १९४१ साली ते सुरू झाले तेव्हापासून, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाचा माणसांच्या सवयींशी आणि चालीरीतींशी असलेला संबंध चिकाटीने अभ्यासला. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला मार्कर आपल्या रुग्णाला लावताना त्यांची ती दृष्टी फार उपयोगी पडते.

ऱ्हासाच्या रोगांत हीच सावधगिरी आणखी लागते, कारण मेंदूची बायोप्सी सहजी घेता येत नाही. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगन इथे आपल्या रुग्ण महिलेच्या मेंदूतले बदल सांगितले, ते चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या सेक्शनवर पाहून. पेशींबाहेरचे डाग आणि पेशींच्या आतले गुंते त्यांना दिसले; ती द्रव्ये कोणती हे उमगायला पुढची आठ दशके लागली. डाग बीटा-अमिलॉइडचे आणि गुंते टाऊ प्रथिनाचे, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. १९९७ मध्ये पार्किन्सनच्या रोगातल्या लेवी पिंडांत अल्फा-सिन्यूक्लीन सापडले, २००६ मध्ये एएलएस या चेतापेशींच्या ऱ्हासरोगात टीडीपी-४३. तरीही अनेक वृद्धांच्या मेंदूत अमिलॉइडचे डाग असतात आणि त्यांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत असते. विसरभोळेपणाशी अधिक जुळतो तो टाऊच्या गुंत्यांचा फैलाव. त्याच्या पायऱ्या हायको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ साली आखून दिल्या. पाठीच्या पाण्यात तर चित्र उलटे दिसते. मेंदूत अमिलॉइड साचत जाते तसतसे त्या पाण्यातले बीटा-अमिलॉइड ४२ कमी होते. इथे आकडा उतरणे हे आजाराचे लक्षण आहे, आणि हे ठाऊक नसलेला वाचक कमी आकडा पाहून निश्चिंत होईल.

हे सारे शास्त्र एका साध्या गोष्टीवर टेकलेले आहे, ती म्हणजे काढलेला तुकडा वेळेवर आणि नीट फॉर्मॅलिनमध्ये पडणे. स्तनाच्या गाठीसाठी मान्य नियम असा की तासाभराच्या आत ऊती फॉर्मॅलिनमध्ये जावी आणि ६ ते ७२ तास त्यात राहावी. फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवे. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया होते, मोठी गाठ अरुंद बाटलीत कोंबली जाते, पुढे सुट्टी लागते आणि बाटली दोन-तीन दिवसांनी शहरात पोहोचते. अशा ऊतीत इस्ट्रोजेन रिसेप्टर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि रुग्ण महिलेची वर्षानुवर्षे घ्यायची स्वस्त, गुणकारी गोळी हुकू शकते. म्हणून प्रत्येक स्लाइडबरोबर कंट्रोल, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना, तपासावा आणि त्याच सेक्शनमधल्या निरोगी पेशींनी अपेक्षित रंग घेतला आहे का, हे आधी पाहावे. ग्रॉसिंग करणारे, म्हणजे आलेला तुकडा पाहून कापणारे, निवासी डॉक्टर आणि ब्लॉक कापणारे तंत्रज्ञ यांचे काम निदानाच्या पायाशी आहे. त्यांचे नाव रिपोर्टवर नसते. या पुस्तकाच्या आरंभी त्यांचे ऋण नोंदवणे मला आवश्यक वाटते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना एकच क्रम सुचवतो. आधी साध्या रंगाची स्लाइड पुरेशी पाहा, रुग्णाचे वय आणि गाठीची जागा विचारा, आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे ते कागदावर लिहा, आणि मगच मार्कर मागवा. प्रश्न नसताना मागवलेले दहा मार्कर गोंधळ वाढवतात आणि त्याचा खर्च रुग्णाच्या माथी बसतो. प्रश्न नेमका असला की बहुधा तीन-चार पुरतात.

काम मात्र भरपूर बाकी आहे. रक्तातल्या फॉस्फोरिलेटेड टाऊवरून अल्झायमर ओळखण्याच्या चाचण्या आता हाताशी आल्या आहेत. पण मूत्रपिंडे कमजोर असली की हा आकडा आपोआप चढतो, आणि मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेले वृद्ध आपल्याकडे घरोघरी आहेत. कोणता आकडा चिंतेचा मानायचा, हे इथल्याच लोकांमध्ये, इथल्याच प्रयोगशाळांत पारखून ठरवावे लागेल. गालाच्या कर्करोगाचा स्वभाव आधी सांगू शकेल असा भरवशाचा मार्करही अजून हवा आहे, आणि तो शोधण्यासाठी लागणारे रुग्ण, ब्लॉक आणि अनुभव जितके आपल्यापाशी आहेत तितके फार थोड्यांपाशी असतील. पदव्युत्तर विद्यार्थी, तंत्रज्ञ, जीवशास्त्राचे अभ्यासक आणि आपला रिपोर्ट समजून घेऊ पाहणारा जिज्ञासू वाचक, या सर्वांचे इथे मनापासून स्वागत आहे. पुढची प्रकरणे वाचून एखादा प्रश्न तुमच्या मनात घर करून राहिला, तर तो घेऊन प्रयोगशाळेत या.