धरणाखालचे मीरपूर आणि बर्मिंगहॅमची बाल्टी

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात लेडीपूल रोड, स्टोनी लेन आणि स्ट्रॅटफर्ड रोड या तीन रस्त्यांच्या बेचक्यात पाकिस्तानी उपाहारगृहांची एक वस्ती आहे. तेथे कुटुंबेच्या कुटुंबे जेवायला येतात आणि मागवतात ती 'बाल्टी'. नाव ऐकून आपल्याला हसू यावे हे साहजिकच, कारण ती बाल्टी आणि आपली बालदी ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे! पण ही बाल्टी म्हणजे पातळ पोलादी पत्र्याची, दोन कानांची, बसक्या बुडाची कढई. भडक आचेवर तिच्यात कोंबडी परतायची आणि तीच कढई चरचरत टेबलावर आणून ठेवायची. काटेचमचे नकोत, नानचा तुकडा मोडावा नि रस्सा टिपून घ्यावा.

हे जेवण येथवर कसे पोचले, याचे मूळ एका धरणात आहे. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू आणि अयूबखान यांनी सिंधूच्या पाणीवाटपाच्या करारावर सह्या केल्या. त्यातून पाकिस्तानने आपल्या ताब्यातील काश्मीरमध्ये झेलमवर मंगला धरण बांधले. १९६७ मध्ये ते पुरे झाले. जुने मीरपूर शहर आणि अडीचशेहून अधिक गावे पाण्याखाली गेली, लाखाहून अधिक माणसे उठली. मुळशी आणि कोयना ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना याहून अधिक काय सांगावे? हिवाळ्यात पाणी ओसरले की जुन्या शहरातली देवळे आणि दर्गे अजूनही वर डोकावतात.

उठलेल्यांपैकी काही पंजाबात गेले, काही नव्या मीरपुरात. हजारोंनी मात्र विलायतेची वाट धरली. ती वाट अगदी अनोळखी नव्हती. मीरपूरकडचे गडी पूर्वीपासून आगबोटींवर कोळसा ओढण्याचे काम करीत. मुंबई बंदरानेही ते पाहिले आहेत. बर्मिंगहॅमच्या ओतशाळांना आणि कारखान्यांना माणसे हवीच होती. एका खोलीत पाचसहाजण राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच खाटेवर रातपाळीचा निजे. बायकामुले देशी. चार पैसे साठवून परतायचे, हाच प्रत्येकाचा बेत!

१९६२ च्या कायद्याने तो बेत मोडला. राष्ट्रकुलातील लोकांच्या येण्यावर निर्बंध आले. एकदा गेलो तर पुन्हा येऊ देतील की नाही, या धास्तीने पुरुषांनी जाणेच टाळले आणि बायकामुलांना तिकडे बोलावून घेतले. माणसे थोपवण्यासाठी केलेल्या कायद्याने कुटुंबेच्या कुटुंबे आणवली, हा इतिहासाचा खट्याळपणाच म्हणायचा. एकट्या कामगारांच्या खाणावळींशेजारी सहकुटुंब बसण्याची उपाहारगृहे निघाली ती त्यानंतर.

बाल्टीचा जन्म १९७० नंतरच्या दशकातला. पहिली कोणी केली यावर वाद आहेत, त्यात आपण न पडलेले बरे. मीरपूरच्या घरी मटण हाडासकट मंद आचेवर तासन्‌तास शिजे. घाईच्या गिऱ्हाइकापुढे ते कसे चालावे? म्हणून हाडे काढलेली कोंबडी आली, तुपाच्या जागी तेल आले, मंद आचेच्या जागी भडका आला. ब्रिटनमधली पुष्कळशी 'इंडियन' उपाहारगृहे खरे पाहता सिल्हेटकडच्या बंगाल्यांची. बाल्टी मात्र मीरपुऱ्यांच्या हातची.

गोरी कुटुंबेही येऊ लागली, मुख्यतः स्वस्ताईमुळे. मालक धर्माने मुसलमान, त्यामुळे दारू विकीत नसत. पण गिऱ्हाइकाने बाटली स्वतः आणली तर बहुतेकजण हरकत घेत नसत. मला ही तडजोड मोठी शहाणपणाची वाटते. एका टेबलावर बिअर आणि शेजारच्या टेबलावर लस्सी, आणि दोन्हीकडे मधोमध टेबलभर पसरलेला एकच नान. घरातला प्रत्येकजण आपल्या बाजूने तो तोडतो आहे!

पूर्वीच्या मानाने ही उपाहारगृहे आता थोडी उरली आहेत. भट्टीपुढे रात्री काढलेल्या बापांनी मुलांना शिकवले, आणि शिकलेली मुले त्या भट्टीपुढे उभी राहायला तयार नाहीत.