एकच पाला, दोन निकाल

सुबाभूळ तुम्ही पाहिलीच असेल. बांधावर, रस्त्याकडेला, नाहीतर शेळ्यांपुढे टांगलेल्या फांद्यांत. कमी पाण्यात वाढते आणि पाल्यात प्रथिनं भरपूर. महाराष्ट्रात चाऱ्यासाठी तिचा प्रसार करण्यात उरुळीकांचनच्या ‘बायफ’चा मोठा वाटा आहे.

पण याच पाल्यात मिमोसीन नावाचं विषारी अमिनो आम्ल असतं. त्याने जनावराचे केस गळतात. रूमेनमधले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले जीवाणू त्याचं डीएचपी करतात. हे डीएचपी थायरॉइडचं काम बिघडवतं. मग गलगंड होतो, खाणं कमी होतं, वजन घटतं.

ऑस्ट्रेलियात हा त्रास नेहमीचा होता. हवाईत मात्र शेळ्या हाच पाला भरपूर खाऊन ठणठणीत! तुमच्या-माझ्या मनात काय येईल? झाडाचा वाण वेगळा असेल, शेळीची जात वेगळी असेल. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये तिसरीच शक्यता मांडली: फरक रूमेनमधल्या जीवाणूंत असेल.

नुसतं म्हणून भागत नाही, तपासायचं कसं? १९८४ च्या शोधनिबंधात जोन्स आणि लोरी यांनी इंडोनेशियातल्या शेळीच्या रूमेनमधले जीवाणू ऑस्ट्रेलियन शेळ्यांत सोडल्याचा प्रयोग मांडला. त्या शेळ्या डीएचपी मोडू लागल्या. पाला तोच, शेळ्याही त्याच. बदलले ते फक्त जीवाणू. १९८६ मध्ये हवाईतल्या शेळ्यांचे जीवाणू वापरूनही हेच यश मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत मिल्टन ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एका जीवाणूचं वर्णन करून त्याला जोन्स यांच्यावरून नाव दिलं: सिनर्जिस्टिस जोनेसी.

गोष्ट इथे संपली असं समजू नका. अलीकडच्या काही अभ्यासकांच्या मते, सुबाभळीची सवय झालेल्या जनावराचं यकृतही डीएचपीला दुसऱ्या रेणूशी जोडून निरुपद्रवी करतं. म्हणजे बाहेरून जीवाणू देण्याची गरज किती, हा प्रश्न पुन्हा उघडा झालाय.

संशोधनाचा विषय शोधताना आपण आजारी जनावरांकडेच बघतो. जोन्स यांनी विचारलं, ‘तिकडची जनावरं आजारी का पडत नाहीत?’ तुमच्या विषयातलं ‘तिकडे’ कुठे आहे, ते आधी शोधा. सिनॉप्सिस नंतर लिहा.