भुतांची जात, भुतांचा धर्म

होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी १७६४ साली आली आणि इंग्रजीत गॉथिक साहित्य सुरू झाले. पडके किल्ले, तळघरे, शाप. १७९६ मध्ये मॅथ्यू लुइसची ‘द मंक’ आली. वाचक बहुतांशी प्रॉटेस्टंट इंग्रज आणि खलनायक मात्र स्पेनमधला कॅथलिक साधू! पुढे विद्यापीठांतून या साहित्याचा अभ्यास झाला, तेव्हा अभ्यासकांनी नेमके हेच विचारले: भयकथेत भीती कोणाची असते?

हा प्रश्न आपणही स्वतःला विचारावा. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला दूरदूरहून लोक येतात. अपमृत्यू आलेल्याचा आत्मा अतृप्त राहतो, त्याला गती मिळावी, ही त्यामागची श्रद्धा. याच नाशिक जिल्ह्याचा कलेक्टर जॅक्सन लोकसमजुती गोळा करत असे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याने जमवलेल्या सामग्रीवरून एन्थोवेनने लोकसमजुतींचे खंड तयार केले. त्यातला कोकणचा खंड १९१५ चा.

आपल्याकडची भुते नीट पाहिली की समाजाची उतरंडच दिसते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. आणि खवीस? अनेक ठिकाणी तो मुसलमानाचे भूत मानला जातो. शब्द मूळचा अरबी, ‘खबीस’ म्हणजे दुष्ट, अपवित्र. मुंजाला अपुरी इच्छा आहे, म्हणून त्याची कीव येते. खविसाला इच्छा नाही, दुःख नाही, नुसती ताकद आहे. आजही धिप्पाड, आडदांड माणसाला लोक खवीस म्हणतात.

पण भीतीवरचा उतारा शोधताना हीच माणसे धर्म विचारत नाहीत. बुलढाण्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर ‘बाधा’ झालेल्यांना घेऊन हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात. मानसिक आजाराला डॉक्टरच हवा, हे खरेच. तरी भुताला धर्म देणारा समाज भूत उतरवायला दुसऱ्याच्या दारात जातो, हेही खरे.

नारायण धारपांनी मराठी भयकथेला मोठा वाचक दिला. समीक्षेने मात्र तिला करमणूक म्हणून बाजूला ठेवले. तिचा गंभीर अभ्यास व्हायला हवा. शेजारी जिवंत असताना त्याच्याबद्दल आपण जे उघड बोलत नाही, ते त्याच्या भुताबद्दल बिनधास्त बोलतो.