नोंदवहीतील एक रकाना

गांजामुळे हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरून चालली आहेत, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये घेतला जात होता. संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ साली सरकारने सात सदस्यांचा आयोग नेमला. त्यांपैकी तिघे भारतीय होते. आयोगाने देशभर फिरून सुमारे बाराशे साक्षी नोंदवल्या आणि इस्पितळांच्या नोंदवह्याही तपासल्या.

या नोंदवह्यांत 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे. रुग्णाला आणणारे पोलीसच बहुधा तो भरत. रुग्ण कधीकाळी गांजा ओढत असे, एवढे कळले की कारण म्हणून 'गांजा' लिहिले जाई आणि तीच नोंद वार्षिक अहवालात आकडेवारी होऊन बसे. १८९२ मधील अशा २२२ नोंदींची आयोगाने फेरतपासणी केली, तेव्हा जेमतेम ९८ टिकल्या.

अतिसेवन अपायकारक आहे, हे आयोगाने मान्य केले. परंतु संपूर्ण बंदीऐवजी परवाना आणि कर यांद्वारे नियंत्रण सुचवले. सरकारला गांजावरील करातून उत्पन्न मिळत होते, हेही विसरू नये. शिवाय गांजा आणि मनोविकार यांच्या संबंधाविषयी आज अधिक पुरावे उपलब्ध आहेत. तरीही 'ही नोंद कोणी केली आणि कशाच्या आधारे?' हा आयोगाचा प्रश्न शिळा झालेला नाही.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून भारताने १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा केला. भांगेची पाने त्यातून वगळली गेली. गांजा, चरस, अफू, हेरॉइन यांचे सेवन मात्र गुन्हा ठरले. त्याच सुमारास मणिपुरात हेरॉइनच्या सामायिक सुयांतून एचआयव्ही पसरू लागला. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने निर्जंतुक सुया आणि ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार स्वीकारले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही कायद्यात आहे.

म्हणजे एकाच माणसाकडे राज्यसंस्था दोन नजरांनी पाहते: एका दारी तो रुग्ण, दुसऱ्या दारी आरोपी. अटकेच्या भयाने तो पहिल्या दाराशी पोहोचलाच नाही, तर संसर्ग थांबत नाही. केवळ त्याची नोंद होत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी रकाना चुकीचा भरला जात होता. आज तो रिकामा राहण्याचा धोका आहे.