पुठ्ठ्यावरचे खेळाडू

सुरतेची साडी विकायला निघते तेव्हा तिच्यासोबत एक फोटो असतो. पांडेसऱ्याच्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये रंगलेलं, छापलेलं कापड रिंग रोडच्या मार्केटात पोचतं. तिथे त्याची घडी पुठ्ठ्यावर बसते, वर ती साडी नेसलेल्या मॉडेलचा चकचकीत फोटो येतो आणि सगळं पारदर्शक पिशवीत सरकतं. लांबच्या गावचा व्यापारी घडी मोडत नाही, फोटो बघून माल मागतो. माल, त्याला आधार देणारा पुठ्ठा आणि त्यासोबतचं चित्र, या तिघांच्या सोबतीतूनच खेळाडूंची कार्डं जन्माला आली. आज त्यातल्या काहींना बंगल्यापेक्षा जास्त किंमत येते. म्हणून त्यांची कुळकथा पांडेसऱ्यातून सांगायला मला आवडेल.

या घराण्याचा सगळ्यात जुना नातेवाईक कापडाच्याच धंद्यातला आहे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या ताग्यांवर रंगीत तिकिटं चिकटवलेली असत. कृष्ण, लक्ष्मी, राजेरजवाडे, हत्ती, वाघ अशी चित्रं दगडी छपाईनं अनेक रंगांत काढलेली. कारण साधं होतं. एकच कापड सुरतेपासून कलकत्त्यापर्यंत दहा भाषांच्या लोकांना विकायचं, आणि त्यातल्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. कंपनीचं नाव विसरलं तरी चालेल, पण गिऱ्हाइकानं पुढच्या वेळी ‘हत्ती छाप’ मागितलं पाहिजे. इंग्लंडमध्ये १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा कापडवाल्यांची अशी चिन्हं नोंदवायला रीघ लागली. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनीही ही रीत उचलली. तागा संपला तरी तिकीट टाकवत नसे. ते ट्रंकेच्या झाकणाला, भिंतीला, देव्हाऱ्याशेजारी चिकटे.

सिगारेटच्या पाकिटात चित्र शिरलं ते वेगळ्या वाटेनं. १८७०-८०च्या दशकात अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पुड्यांत विकल्या जात आणि खिशात चेपत. आधाराला आत पातळ पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागले. १८८०-८१च्या सुमारास जेम्स बोन्सॅक नावाच्या तरुणानं सिगारेट वळणारं यंत्र काढलं. जेम्स ड्यूक या तंबाखूवाल्यानं ते उचललं आणि हातानं वळणाऱ्या कामगारांच्या कितीतरी पट माल बाजारात ओतला. माल मुबलक, चव जवळपास सारखी. मग गिऱ्हाईक आपल्याच पाकिटाकडे वळवायचं कसं? कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापा, आणि एक छापून थांबू नका, मालिका काढा. एक मिळालं की दुसऱ्याची ओढ लागते. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनं १८८७च्या सुमारास जगज्जेत्यांची पन्नास कार्डं काढली. त्यांत बेसबॉलचे दहा खेळाडू होते. बाकी मुष्टियोद्धे, मल्ल, वल्हेकरी, बिलियर्डवाले, नेमबाज. नेमबाजांत ॲनी ओकली ही बाईही होती, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

पुढची गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. १८९० साली ड्यूकनं प्रतिस्पर्ध्यांना एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. बाजार एका हातात आला आणि थोड्याच वर्षांत कार्डं जवळपास बंद पडली. स्पर्धाच उरली नाही तर चित्रावर खर्च कोण करणार? पुन्हा स्पर्धा वाढली तेव्हा, १९०९ ते १९११ या काळात, त्याच कंपनीनं ५२४ कार्डांची मोठी मालिका काढली. संग्राहक तिला ‘टी २०६’ म्हणतात. पिट्सबर्गचा बेसबॉलपटू होनस वॅग्नर यानं आपलं कार्ड छापायला हरकत घेतली. मुलांनी तंबाखूची पाकिटं विकत घ्यावीत हे त्याला नको होतं, असं एक कारण सांगतात. पैशाचा वाद होता, असं दुसरं. काहीही असो, छपाई थांबली आणि त्या कार्डाच्या साठच्या आत-बाहेर प्रती जगात उरल्या. त्यातली एक २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरला गेली.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्स कंपनीनं १८९६ साली क्रिकेटपटूंची पन्नास कार्डं पाकिटात घातली. नेमक्या त्याच वर्षी जुलैमध्ये काठेवाडचे रणजितसिंह मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळले आणि दुसऱ्या डावात नाबाद १५४ धावा काढल्या. त्या काळच्या इंग्रजी पाकिटांतून रणजींचा चेहरा खूप फिरला. पुढे दुलीपसिंह आले, थोरले पतौडी आले. तिघेही हिंदुस्थानी, पण तिघांचीही कार्डं निघाली ती इंग्लंडकडून खेळले म्हणून. कार्ड कोणाचं निघावं हे गुणांनी ठरत नाही. पाकीट कोण विकत घेतो यानं ठरतं. पालवणकर बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचा चेहरा पुण्या-मुंबईच्या पोरांच्या हाती देणारं पाकीट त्या काळात नव्हतं, आणि याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

याच विल्सनं इतर कंपन्यांसोबत मिळून १९०१ साली इंपीरियल टोबॅको उभी केली. तिच्या घराण्याची हिंदुस्थानी कंपनी १९१० साली कलकत्त्यात निघाली. आज आपण तिला आयटीसी म्हणून ओळखतो. विल्सची क्रिकेटपटूंची ती कार्डं निघाली त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९६ साली, भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत विश्वचषक झाला. त्याचं नाव होतं ‘विल्स वर्ल्ड कप’. भारतीय संघाच्या छातीवरही तेच नाव होतं. पाकिटातला खेळाडू पाकिटाचंच नाव अंगावर घालून मैदानात उतरला. २००३च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिराती बंद केल्या, ते योग्यच झालं.

अमेरिकेत कार्डांची तंबाखूशी साथ सुटली ती कितीतरी आधी; तिथे मग चिंगमनं त्यांना सांभाळलं. १९३३ साली बोस्टनच्या गाउडी कंपनीनं चिंगमसोबत २४० कार्डांची मालिका काढली, पण १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. मुलं ते शोधत चिंगम विकत घेत राहिली. तक्रारी आल्यावर पुढच्या वर्षी ते कार्ड टपालानं पाठवावं लागलं. ‘एकच राहिलंय’ या बालपणाच्या तळमळीचा असा हिशेबी वापर झाला, हे आई-वडिलांनी माहीत करून घ्यावं. आजच्या बंद पाकिटांतही हीच युक्ती आहे.

१९५२ साली ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीत साय बर्गर या माणसानं नव्या कार्डाचा आराखडा बनवला: पुढे रंगीत चित्र, सही आणि संघाचं चिन्ह, मागे खेळाडूची आकडेवारी. आजची कार्डं त्याच साच्यातली आहेत. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच हे मापही टॉप्सनंच १९५७पासून रूढ केलं. १९५२च्या मालिकेची उशिरा निघालेली कार्डं मात्र खपली नाहीत. वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली आणि १९६०च्या सुमारास बर्गर यांनी ती पडावात भरून न्यू जर्सीजवळच्या समुद्रात बुडवली. त्यात बेसबॉलपटू मिकी मँटलचंही कार्ड होतं. न बुडालेल्या प्रतींपैकी एक २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकली गेली.

आपल्याकडे ही परंपरा सरळ रेषेत आली नाही. पोरं आधी काडेपेटीच्या छापा जमवत. अंबरनाथच्या विमको कारखान्याच्या पेट्यांनी कित्येक पिढ्यांचे खिसे भरले. सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांचा खेळ असे: प्रत्येक ब्रँडची किंमत ठरलेली, जमिनीवर गोल आखायचा, पाकिटं मध्ये मांडायची आणि चपट्या दगडानं बाहेर उडवायची. मग साप्ताहिकं-पाक्षिकं आली. संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘एकच षटकार’मधली चित्रं कापून वहीत डकवणारी मुलं आज पन्नाशीत आहेत. १९८७च्या रिलायन्स विश्वचषकाच्या सुमारास बिग फन या चिंगमच्या वेष्टणात धावा आणि बळी निघत. ठरावीक धावा जमल्या की भरभर पानं चाळायची पुस्तिका मिळे आणि फलंदाज अंगठ्याखाली फटका मारे. १९९९ला ब्रिटानियाच्या बिस्किटांनी हाच धावांचा हिशेब घराघरांत नेला.

आणि मग ट्रम्प कार्डं. उधना-जळगाव लाईननं, ताप्ती व्हॅली रेल्वेच्या जुन्या मार्गानं, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारची माणसं सुरतेला आली आणि उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात स्थिरावली. शेजारी ओडिशाचे, उत्तर प्रदेश-बिहारचे, आंध्रचे कामगार. सुरत महापालिका आजही गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते. एका गल्लीतली मुलं सकाळी वेगवेगळ्या भाषांच्या वर्गांत जात आणि संध्याकाळी एकाच ओट्यावर जमत. नव्वदच्या दशकात केबल आली, कुस्तीचे अमेरिकन मल्ल घरात आले, आणि पाठोपाठ त्यांचे पत्ते. उंची, वजन, छाती, दंड, लढती, जिंकलेल्या लढती. एकानं आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्यानं पत्ता न्यायचा. क्रिकेटच्या पत्त्यांत धावा, बळी, झेल. आकडा ओळखता आला की पुरे, भाषा लागत नसे. ‘डबल शे का तुनाकडे?’ हा अहिराणी सवाल ओडिया पोरालाही समजायचा. मँचेस्टरच्या तिकिटानं जे काम बाजारात केलं, तेच या पत्त्यांनी आमच्या ओट्यावर केलं. माझ्या मते या छंदाची खरी कमाई हीच, लिलावातले आकडे नंतरचे.

त्या गठ्ठ्यांत मुलींना आपलं म्हणता येईल असं कोणी नव्हतं. २४ सप्टेंबर २०१९ला सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर पंधरा वर्षांची शफाली वर्मा भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना खेळली. पांडेसऱ्यापासून ते मैदान रिक्षाच्या अंतरावर आहे. १८८७च्या मालिकेत बाईला जागा होती. आपल्या कार्डांतही खेळाडू मुलींना भरपूर जागा हवी.

आता जपण्याबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. १९९१ साली अमेरिकेत पीएसए नावाची कंपनी निघाली. ती कार्ड तपासून एक ते दहा गुण देते आणि कडक पारदर्शक डबीत बंद करते. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की सरकलेलं, एवढंच बघतात. तिनं पहिल्यांदा गुण दिले ते वॅग्नरच्याच एका कार्डाला. २०१३ साली ते विकणाऱ्या दलालानं कबुली दिली की त्याच्या कडा आपणच कापून सारख्या केल्या होत्या. डबीवरचा आकडा म्हणजे देववाणी नव्हे; हातात भिंग घेऊन स्वतः बघायला शिकावं.

घरच्या कार्डांना डबीची गरज नाही, पण लॅमिनेशन कधीही करू नये. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही आणि कार्ड कायमचं जातं. फेविकॉल, चिकटपट्टी, रबर बँड हेही शत्रूच. अल्बमची पानं पीव्हीसीची नसावीत. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ कालांतरानं बाहेर येतो आणि शाई ओढून घेतो. पॉलिप्रॉपिलीन सुरक्षित. गंमत म्हणजे साडीच्या पारदर्शक पिशव्याही बहुधा याच प्लॅस्टिकच्या असतात, त्यामुळे सुरतेच्या संग्राहकाला चांगलं आवरण परदेशातून मागवावं लागत नाही. भिंतीवर मांडायचं असेल तर कार्ड फ्रेमच्या काचेला टेकू देऊ नये, चारी कोपऱ्यांना फोटो कॉर्नर लावावेत आणि ऊन येणारी भिंत टाळावी. लाल आणि पिवळा रंग उन्हानं लवकर उडतो. पावसाळ्यात तापीकाठची हवा ओलसर असते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी, कसर लागते का ते महिन्या-दोन महिन्यांनी बघावं.

पांडेसऱ्यात, लिंबायतमध्ये, नंदुरबार-धुळ्याच्या माळ्यांवर असे गठ्ठे नक्की पडून आहेत. बहुतेकांना बाजारात चार पैसेही येणार नाहीत; तरी दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. छापा, पाकिटं, ट्रम्प कार्डं वेगळी काढा. ती कोणाची, कोणत्या साली, कोणत्या गल्लीत जमवली हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा, कार्डावर काहीही लिहू नका. आणि डबल निघालेलं कार्ड शेजारच्या मुलाला किंवा मुलीला द्या.