गुलामीचा ‘निसर्ग’

मी चौथीत होतो. गणित चुकले म्हणून एका गुरुजींनी भर वर्गात सांगितले, “हे यांच्या रक्तातच नाही.” घरी येऊन मी आजाला विचारले. आजा वेसकर. गावाचा सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे, सांजच्याला दारोदार भाकरी मागायची, यात त्याची हयात गेली. तो म्हणाला, “बाबा, आपला जलमच तसला.” गुरुजींचे वाक्य मी विसरूही शकलो असतो, आजाचे वाक्य विसरता आले नाही. हिणवणारा आणि हिणवला जाणारा दोघेही एकच कारण सांगत होते.

हे कारण फार जुने आहे. काही माणसे निसर्गतःच दास असतात, असे अॅरिस्टॉटलने मांडले. मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो की धन्याने मोकळे केले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण दास्य त्याला निसर्गजच आहे. समाज दोन, काळ वेगळे. पण मालकाच्या सोयीला दोन्हीकडे ‘निसर्ग’च धावून आला.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. गुलामी जर निसर्गाने दिलेली, तर तिच्या राखणीला कायदा आणि चाबूक का लागतो? पाण्याने उताराकडे वाहावे म्हणून कोणी कायदा करीत नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलिनाने मात्र १७४० साली गुलामांना लिहिणे शिकवण्यास कायद्याने बंदी केली. ज्यांना बुद्धीच नाही असे म्हणायचे, त्यांच्या हातातल्या लेखणीला एवढे भ्यायचे कशाला? १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने तर गुलामाच्या पळून जाण्याला रोग ठरवले, त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असे नाव दिले आणि चाबकाचा उपाय सुचवला. स्वातंत्र्याची ओढ हा आजार आणि फटके हे औषध! व्यवस्था सडली की तिचे विज्ञानही कसे सडते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

त्याच अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस गुलाम म्हणून जन्मला. मालकीण त्याला अक्षरे शिकवू लागली, तेव्हा मालकाने तिला अडवले: शिकला तर तो गुलाम म्हणून निकामी होईल. पोराने ते ऐकले आणि मुक्तीची वाट ओळखली. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना भाकरी देऊन त्याने अक्षरे मिळवली. १८३८ साली तो निसटला, १८४५ साली त्याने आत्मचरित्र लिहिले. रक्तात काय असते आणि काय नसते, याचे उत्तर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले.

जोतीराव फुल्यांना हे नाते नेमके उमगले होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले.

परंतु मित्रहो, साखळी तुटली म्हणजे माणूस सुटला असे होत नाही. १८६५ साली अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसांची गुलामी कायद्याने संपली. काही मुक्तांना किनाऱ्यालगतची जमीन कसायला मिळाली होती. तीही त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या धोरणाने जुन्या मालकांकडे परत जाऊ लागली. भूमीविना मुक्त झालेला माणूस पुन्हा त्याच शेतात, अर्धेलीने, कर्जात राबू लागला. आपल्याकडे महार वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तीस वर्षे! त्या तीस वर्षांत माझ्या आजाची पाठ वाकली.

माणसाच्या स्वभावात वर्चस्वाची हाव नसते, असे मी म्हणत नाही. ती असते, आमच्यातही असते. म्हणूनच न्याय्य समाज मालकांच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. राजकीय समतेबरोबर सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच राहिली तर लोकशाहीची इमारतच उडेल, हा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेला इशारा याच अर्थाचा होता. कायदा, जमीन आणि शाळा, यांतले एकही कमी पडले की गुलामी नवे नाव घेऊन परत येते.

पुढे मी शिक्षक झालो. गणितच शिकवले. पोरगे चुकले की मी फळा पुसत असे आणि म्हणत असे, “पुन्हा मांड.” आजाला द्यायचे राहून गेलेले उत्तर तेवढेच होते.