परीक्षा मुलांची कीं शाळेची?

परीक्षा म्हटली कीं आपल्या डोळ्यांसमोर प्रथम मुलगाच उभा राहतो. हातांत उत्तरपत्रिका, समोर करड्या मुद्रेचे मास्तर आणि घरीं निकालाची वाट पाहणारी आई. परंतु शिक्षणाचा इतिहास चाळला तर असें दिसतें कीं, परीक्षा पुष्कळदां मुलाची नसून शाळेची असते, आणि कधीं कधीं तर सबंध जिल्ह्याची. मुलांच्या गुणांची बेरीज करावयाची, तीवरून शाळेचें व जिल्ह्याचें उणेंपुरें ठरवावयाचें, आणि पुढील वर्षीं काय साधावयाचें याचा संकल्प सोडावयाचा, ही कल्पना कालपरवांची वाटते; पण तिचें वय दीडशें वर्षांहून अधिक आहे.

इंग्लंडमध्यें १८६२ सालीं शिक्षणखात्याचा कारभार पाहणारे रॉबर्ट लो यांनीं नवी नियमावली अमलांत आणली. दर मुलामागें शाळेला बारा शिलिंग मिळावयाचे. त्यांपैकीं चार हजेरीबद्दल आणि आठ परीक्षेबद्दल. वाचन, लेखन व गणित हे परीक्षेचे तीन विषय. मूल ज्या विषयांत नापास होई, त्याबद्दल दोन शिलिंग आठ पेन्स कापून घेतले जात. हिशेब अगदीं चोख होता! पण त्याचा परिणाम काय झाला? मास्तरांनीं वाचनाचें पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतलें, आणि परीक्षेंत जें येत नाहीं तें शिकविणें हळूहळू बंद केलें. प्रसिद्ध कवि मॅथ्यू आर्नल्ड हे त्या काळीं शाळातपासनीस होते. शाळेंतील जिवंतपणा या पद्धतीनें मारला, अशी तक्रार त्यांनीं आपल्या अहवालांतून वारंवार केली. ती पद्धत इंग्लंडांतून जावयास एकोणिसाव्या शतकाचा शेवट यावा लागला.

मुंबई इलाख्यांत १८५४ च्या खलित्यानंतर शिक्षणखातें स्थापन झालें, आणि खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची हीच रीत येथेंही आली. दिपोटी येणार म्हटलें कीं शाळा सारवली जाई, मुलांना धुतलेले कपडे घालून आणण्याची ताकीद मिळे आणि मास्तरांची झोंप उडे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेवलें, त्यांत या तपासणीवर नेमकें बोट ठेवलें आहे. दिपोटीनें वर्षांतून एकदां शाळेस भेट दिल्यानें फारसा लाभ होत नाहीं. निदान तिमाहीस तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देतां शाळा पाहाव्या, असें त्यांचें म्हणणें होतें. ज्या माहितीवर धोरण ठरवावयाचें ती माहिती खरी हवी आणि वेळेवर हवी, ही मागणी त्यांत स्पष्ट आहे. त्याच निवेदनांत शिक्षकाला निदान बारा रुपये पगार असावा असेंही त्यांनीं मागितलें होतें, हें मला विशेष वाटतें. नुसती तपासणी मागणारे पुढें पुष्कळ झाले. निकालावर पैसा देण्याची पद्धत सोडून देण्याकडे हिंदुस्थान सरकारचा कल १९०४ च्या शैक्षणिक ठरावांत दिसून आला.

आमचें वसमत या साऱ्या हालचालींपासून दूर होतें. रेल्वेच्या फलकावर तें 'बसमत' म्हणून दिसतें. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत परभणी जिल्ह्यांत होतें. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हां तें त्यांत गेलें. निजामी अमलांत दरबारची भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषाही उर्दूच. घरीं मराठी बोलणारा मुलगा वरच्या वर्गांत गेला कीं भूगोल आणि गणित त्याला परक्या लिपींत शिकावें लागे. आतां असा मुलगा नापास झाला तर काय नापास झालें, त्याचें गणित कीं त्याची उर्दू? त्या काळच्या निकालपत्रांवरून जर कोणी मराठवाड्यांतील मुलांच्या बुद्धीचा अंदाज बांधला असता, तर तो साफ फसला असता. औरंगाबादेस १९१५ सालीं निघालेली सरस्वती भुवन शाळा किंवा १९२१ सालीं हिप्परग्यास निघालेली राष्ट्रीय शाळा यांचें मोल याच ठिकाणीं कळतें. हा प्रश्न जुना झाला असें मात्र कोणी समजूं नये. आजही तांड्यावरील मूल घरीं बंजारा बोली बोलतें आणि शाळेंत मराठीची प्रश्नपत्रिका सोडवितें. त्याच्या गुणांकडे पाहतांना हें ध्यानांत ठेवणारे थोडेच.

१९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांच्या हातीं आल्या. त्यानंतर कित्येक वर्षें आम्हीं मोजीत होतों तें वर्गखोल्यांना, शिक्षकांना आणि पटावरील नांवांना. पटावरचें मूल शिकतें कीं नाहीं हें मोजण्याचा विचार १९९१ च्या सुमारास 'किमान अध्ययन क्षमता' या नांवानें पुढें आला. खरी खळबळ मात्र २००५ सालीं 'प्रथम' या संस्थेनें सुरू केलेल्या 'असर' पाहणीनें उडविली. जिल्ह्यांतील तीस खेडीं आणि दर खेड्यांतील वीस घरें निवडावयाचीं, मुलाजवळ बसावयाचें, आणि अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट यांपैकीं त्याला काय वाचतां येतें तें पाहावयाचें, एवढीच तिची रीत. देशांतील ग्रामीण भागांत पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीचा मजकूर वाचूं शकणारीं मुलें २०१८ मध्यें शंभरांत सुमारें ५० होतीं. करोनाच्या टाळेबंदीनंतर २०२२ मध्यें तीं ४३ वर आलीं, आणि २०२४ मध्यें पुन्हां ४९ च्या आसपास गेलीं.

महाराष्ट्रानें २२ जून २०१५ रोजीं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला. वर्षारंभीं पायाभूत चाचणी घ्यावयाची, मागें पडलेलीं मुलें हुडकावयाचीं, आणि पुढील संकलित चाचण्यांत तीं किती पुढें आलीं तें पाहावयाचें, हा त्याचा गाभा. पुढें १३ नोव्हेंबर २०१७ व १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणें झालीं, आणि ४ डिसेंबर २०२४ रोजीं 'परख' सर्वेक्षण झालें. त्यांतून जिल्ह्याजिल्ह्याचीं निकालपत्रें निघालीं.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. आमच्याकडे हळदीचा व्यापार मोठा. पोत्यांतून मूठभर हळकुंडें काढून व्यापारी मालाची प्रत ठरवितो, आणि तें योग्यच आहे. परंतु पोत्यांतलें कोणतें हळकुंड किडकें आहे, हें त्या मुठीवरून त्याला सांगतां येणार नाहीं. जिल्ह्याचें सर्वेक्षण ही अशी मूठ आहे. जिल्हा गणितांत कच्चा आहे, विशेषतः भागाकारांत, एवढें तें सांगेल, आणि शिक्षकांचें प्रशिक्षण कोणत्या विषयांत हवें, पैसा कोठें खर्चावा, हें त्यावरून ठरवितां येईल. कोणत्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाहीं, तें त्याच्या मास्तरालाच माहीत असावयाचें. पायाभूत चाचणी हें दुसरें काम करावयास निघाली होती, म्हणून ती मला पटली. पण तिचे आंकडे वर जाऊं लागले, शाळा 'प्रगत' आणि 'अप्रगत' ठरूं लागल्या, आणि औषधाचा कांटा पाहतां पाहतां न्यायाचा कांटा झाला. ज्या मास्तरानें शिकवावयाचें, त्यानेंच तपासावयाचें, आणि त्याच गुणांवर त्याची इभ्रत ठरावयाची! रॉबर्ट लो यांनीं पैशाची भीति घातली होती. येथें ती नांवाची होती, एवढाच फरक.

या खात्यांतील आयुष्यांतला एक प्रसंग सांगतों. दिवाळी झाली कीं आमच्या भागांतील कित्येक कुटुंबें ऊसतोडीला बाहेर जातात. एके वर्षीं माझ्या वर्गांतील नऊ मुलें अशीं गेलीं, आणि त्यांतील सात वाचनांत मागें होतीं. दुसऱ्या चाचणीला तीं नव्हतीं, म्हणून वर्गाची सरासरी आपोआप वर गेली. मीं विशेष कांहीं केलें नव्हतें, तरी अभिनंदन माझें झालें. फाल्गुनांत तीं मुलें परत आलीं तेव्हां, आधीं जोडाक्षरें वाचणारीं दोन मुलें कान्यामात्रेला अडखळत होतीं.

त्यानंतर मीं एक वही घातली. दर मुलाला एक पान. त्यावर काय येतें, काय येत नाहीं, कोणत्या तारखेस तपासलें, गांव सोडून कधीं गेला व कधीं परतला. तपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्यांपुढें ती ठेवली. त्यांनीं दोनचार पानें चाळलीं, चांगली आहे म्हणाले, आणि वर्गाचा टक्का किती तें विचारलें. मीं सांगितला. टक्का त्यांनीं लिहून घेतला, आणि वही मला परत दिली.